थंडीत इंजिन गरम व्हायला नेमका किती वेळ लागायला हवा?

गोदाकाठ

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. माझी गाडी २०१४ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी हॅचबॅक आहे आणि तीन वर्षांपूर्वी तिला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले आहे. घरापासून कार्यालय साडेसहा किलोमीटरवर आहे आणि वाटेत सात सिग्नल लागतात. या दिवसांत सकाळी सातला इथे पारा दहा अंशांच्या आसपास असतो. निफाडकडे तो चार-पाच अंशांपर्यंतही उतरतो, पण तो भाग वेगळा.

घरात वाद असा आहे की वडील रोज मी निघण्याच्या दहा मिनिटे आधी खाली जाऊन गाडी सुरू करून ठेवतात. त्यांनी वीस वर्षे प्रीमियर पद्मिनी चालवली. "इंजिन गरम न करता गिअर टाकणे म्हणजे झोपेतून उठवून माणसाला पळायला लावणे" असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या सायलेन्सरचे तोंड पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येते, त्यामुळे त्यांची रोजची तक्रार वेगळीच.

मला मात्र दुसरीच शंका येते. दहा मिनिटे उभी ठेवून आणि वर साडेसहा किलोमीटर चालवूनही तापमानाचा काटा मध्यावर येत नाही, खालच्या खुणेच्या थोडाच वर राहतो. मागच्या हिवाळ्यात गाडी दुसऱ्या सिग्नलच्या आत 'टक्' असा आवाज करून पेट्रोलवरून गॅसवर जात असे. आता पाचवा सिग्नल ओलांडेपर्यंत ती पेट्रोलवरच असते आणि महिन्याला भरावे लागणारे पेट्रोल जवळजवळ दुप्पट झाले आहे. गेल्या आठवड्यात मुंबईला जाताना इगतपुरीपर्यंत काटा कसाबसा मध्याजवळ आला होता, पण कसारा घाट उतरताना तो पुन्हा खाली बसला. इंजिन गरम व्हायला खरोखर किती वेळ लागायला हवा, आणि गाडी उभी ठेवून ते गरम करणे आवश्यक आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बारातेराचा_पाना

ताई, मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय २६ वर्षे शिकवला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आधी वडिलांची बाजू मांडतो, कारण पद्मिनीपुरते त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते.

कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोलचे तुषार हवेत मिसळून लांबच्या नळीवाटे सिलिंडरपर्यंत जात. नळी थंड असली की त्यातले बरेचसे पेट्रोल तिच्या भिंतींवरच ओलाव्यासारखे चिकटून राही आणि सिलिंडरपर्यंत पोहोचणारे मिश्रण जळण्याइतके दाट उरत नसे. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे आणि नळी तापेपर्यंत चोक हळूहळू आत ढकलत राहायचे. घाई केली तर चौकात गाडी मिसिंग करून बंद पडे आणि मागचे हॉर्न वाजवू लागत. ज्याने ते वीस वर्षे भोगले, त्याने दहा मिनिटांची सवय सोडली नाही तर नवल नाही.

२००० सालाच्या आसपास धुराचे निकष कडक झाले आणि आपल्याकडच्या नव्या मोटारींतून कार्बुरेटर हद्दपार झाला. तुमच्या इंजिनात पेट्रोल थेट झडपेच्या तोंडाशी फवारले जाते आणि किती फवारायचे ते कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान सांगणारा सेन्सर पाहून संगणक ठरवतो. सेल्फ मारल्यावर इंजिनाचे मिनिटाचे फेरे बाराशे ते पंधराशेपर्यंत चढतात आणि मग हळूहळू सातशे-आठशेवर स्थिरावतात, हे तुम्ही पाहिले असेल. ते चढणे म्हणजेच जुना चोक, फक्त आता तो कोणी हाताने ओढत नाही. ऑइलचा लाल दिवा एक-दोन सेकंदांत विझतो, म्हणजे पंपाने दाब धरलेला असतो. पट्टा लावा, आरसा पाहा, काचेवरचे दव पुसा. या अर्ध्या मिनिटात फेरे उतरू लागतात आणि तेवढे पुरे आहे. नाशिकच्या कडाक्यात फार तर एक मिनिट म्हणा. त्यानंतर पहिले चार-पाच किलोमीटर दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आत, ॲक्सिलरेटर जोरात न दाबता, सावकाश चालवा. इंजिन गरम करण्याची योग्य रीत हीच आहे.

आता उभ्या गाडीत इंजिन लवकर का तापत नाही ते पाहू. उष्णता पेट्रोल जळण्यातून येते आणि उभी गाडी पेट्रोल जाळतेच किती? तुमच्याएवढे इंजिन न्यूट्रलला तासाला साधारण पाऊण लिटर जाळते, थंड असताना थोडे अधिक. त्यातली बरीचशी उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते. उरलेल्या, म्हणजे घरच्या गिझरएवढ्या उष्णतेवर ऐंशी-नव्वद किलोचा धातू, पाच लिटर कूलंट आणि साडेतीन लिटर ऑइल तापवायचे असते. तीच गाडी ताशी चाळीसच्या वेगाने लिटरला अठराचा ॲव्हरेज देत चालली, तर तासाला सव्वादोन लिटर पेट्रोल जळते, म्हणजे तिप्पट उष्णता निर्माण होते.

आणि हा वेळ नुसता वाया जातो एवढेच नाही, त्याने नुकसानही होते. थंड इंजिनाला संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देत असतो. ते पूर्ण न जळता सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ फिल्म धुऊन काढते आणि पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरून चेंबरमधल्या ऑइलमध्ये मिसळते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. सकाळी सायलेन्सरमधून ठिबकणारे पाणी ते हेच. इंजिन थंड असते तेव्हा त्यातला काही भाग ऑइलमध्येही जातो आणि ऑइल पुरेसे तापल्याशिवाय बाहेर पडत नाही. पिस्टन तर थंड असताना मुळी गोल नसतोच. तो किंचित लंबगोल घडवलेला असतो आणि तापून फुगल्यावर सिलिंडरमध्ये नीट बसणारा गोल होतो. म्हणजे इंजिनाने थंड अवस्थेत कमीत कमी वेळ काढावा हेच हिताचे, आणि उभे राहून आपण तोच वेळ लांबवतो.

काकूंची तक्रारही रास्त आहे. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापल्यावरच धूर शुद्ध करू लागतो आणि न्यूट्रलला उभ्या गाडीत तो सावकाश तापतो. त्यांच्या खिडकीत जातो तो दिवसातला सर्वांत घाण धूर.

तुमचा मूळ प्रश्न वेळेचा आहे. दहा अंशांच्या सकाळी सुस्थितीतले छोटे पेट्रोल इंजिन रस्त्यावर सहा ते दहा मिनिटांत, म्हणजे चार-पाच किलोमीटरमध्ये, काटा मध्यावर आणते. मे महिन्यात तीन-चार मिनिटे पुरतात. तुमच्या गाडीत दहा मिनिटे उभे राहून आणि वर साडेसहा किलोमीटर जाऊनही काटा वर येत नाही आणि घाट उतरताना पडतो. हा थंडीचा दोष नाही, गाडीचा आहे. मला संशय थर्मोस्टॅटचा, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या भागाचा आहे. गेल्या वर्षभरात रेडिएटर, पंखा किंवा पाण्याच्या पाइपांचे काही काम करून घेतले होते का?

सिंहगडरोड

सरांनी सांगितलेले मी आकड्यांत पाहिले आहे, म्हणून लिहितो. माझी गाडीही १.२ पेट्रोलचीच आहे. स्टिअरिंगखालच्या जोडणीत बसणारे आणि इंजिनाच्या संगणकातले आकडे वाचणारे छोटे ब्लूटूथ ओबीडी उपकरण लावून मी मागच्या जानेवारीत लागोपाठ दोन दिवस मोजमाप केले. पुण्यात दोन्ही सकाळी बाहेर १३ अंश होते.

पहिल्या दिवशी गाडी जागच्या जागी सुरू ठेवली. कूलंट १४ अंशांवरून पाच मिनिटांत ४१ वर, दहा मिनिटांत ६२ वर आणि पंधरा मिनिटांत ७६ वर गेले. ८५ अंश गाठायला एकोणीस मिनिटे लागली आणि तेवढ्यात उपकरणाच्या हिशेबाने पाव लिटर पेट्रोल संपले. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारून वीस सेकंदांत निघालो. तीन मिनिटांत ४५, पाच मिनिटांत ६६ आणि साडेसात मिनिटांत ८५ अंश झाले, तेव्हा मी घरापासून सव्वातीन किलोमीटरवर होतो.

याहून मजेशीर गोष्ट काट्याची निघाली. कूलंट ७२ अंशांवर पोहोचले तेव्हा काटा बरोबर मध्यावर येऊन थांबला आणि नंतर सिग्नलवर तापमान १०१ होऊन पंखा फिरू लागला तरी तो जागचा हलला नाही. गाडी बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, नाही तर काटा दोन अंश सरकला की ग्राहक सर्व्हिस सेंटरच्या दारात उभा. ज्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा दिवा असतो, त्यांत तो दिवा त्याहूनही लवकर, कूलंट पन्नास-साठ अंशांच्या आसपास असतानाच विझतो. निळा दिवा विझणे म्हणजे इंजिन पूर्ण तापले असे मुळीच नाही.

ऑइलचे तापमान माझी गाडी ओबीडीवर दाखवत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी कूलंट ८५ झाल्याबरोबर गाडी कडेला घेतली, खाली वाकून इन्फ्रारेड थर्मामीटरने ऑइल चेंबरचा तळ मोजला, तर तो जेमतेम ४८ अंश भरला. तो ८० वर यायला निघाल्यापासून अठरा मिनिटे लागली. तेव्हापासून मी काटा मध्यावर आल्यावरही आणखी दहा मिनिटे इंजिनाला ताण देत नाही, कारण साध्या ५डब्ल्यू-३० ऑइलची घट्टता चाळीस अंशांना असते तिच्या एक षष्ठांशच शंभर अंशांना उरते आणि झिजेच्या दृष्टीने महत्त्वाचे तापमान कूलंटचे नाही, ऑइलचे आहे. शेजारचे लोक मला सकाळी सात वाजता गाडीखाली डोके घातलेला पाहून काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

एडमंटनवासी

नाशिकच्या दहा अंशांचे वर्णन वाचून हसू आले, राग मानू नये. इथे कॅनडात आमच्या शहरात जुलैच्या पहाटे दहा-बारा अंश असतात. जानेवारीत शून्याखाली तीस अंश होते, तेव्हा मात्र इंजिन गरम करण्याला खरा अर्थ येतो. तेही आम्ही गाडी चालू ठेवून करत नाही, तर विजेवर करतो. इथल्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून शेपटीसारखी एक वायर लोंबत असते. तिचे दुसरे टोक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या हीटरला जोडलेले असते. रात्री ती वायर घरातल्या किंवा पार्किंगमधल्या खांबावरच्या सॉकेटमध्ये खोचायची आणि टायमर लावून निघण्याच्या तीन-चार तास आधी हीटर सुरू होईल असे करायचे. सुमारे चारशे वॅटचा तो हीटर कूलंट नुसते कोमट ठेवतो, पण तेवढ्यावर इंजिन पटकन सुरू होते.

मी पहिल्या हिवाळ्यात एकदा वायर लावायला विसरले होते. सेल्फ मारल्यावर इंजिन उसासे टाकत दोनदा फिरले आणि थांबले. ऑइल ०डब्ल्यू-२०, म्हणजे थंडीतही पातळ राहणारे होते म्हणून तेवढे तरी फिरले, असे शेजाऱ्यांनी सांगितले. शिवाय इंजिन गरम झाले म्हणजे गाडी गरम झाली असेही नसते. गिअरबॉक्समधले ऑइल घट्ट असते, शॉक ॲब्सॉर्बर लाकडासारखे कडक असतात आणि रात्रभर एका जागी बसलेले टायर तळाशी चपटे होऊन पहिला किलोमीटर बैलगाडीसारखे धडधडतात. त्यामुळे सावकाश चालवत गरम करण्याचा नियम इथेही तोच आहे. लोक दूरनियंत्रकाने दहा मिनिटे आधी गाडी सुरू करतात हे खरे, पण ते काचेवरचा बर्फ सुटावा आणि बोटे चालावीत म्हणून. जर्मनीत तर उभी गाडी विनाकारण चालू ठेवण्याला वाहतूक नियमांतच मनाई आहे आणि माझ्या भावाला त्याच्या शेजारच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात ते समजावून सांगितले होते.

एक सूचना मात्र गांभीर्याने करते. ज्यांची गाडी बंद गॅरेजमध्ये असते, त्यांनी दार अर्धवट उघडे ठेवूनही ती आत चालू ठेवू नये. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अजिंक्यतारा

वरील चर्चा पेट्रोलपुरती ठीक आहे, पण डिझेलला हा नियम लावू नये असे मला वाटते. माझ्याकडे २०२१ ची बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक निकषांची) डिझेल एसयूव्ही आहे. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून जादा हवा आत ढकलणारा पंखा) असलेल्या इंजिनाला सकाळी किमान पाच मिनिटे न्यूट्रलला फिरू दिले पाहिजे, नाही तर टर्बोचे बेअरिंग जाते, असे आमच्याकडचे सगळे जुने चालक सांगतात आणि मी ते काटेकोरपणे पाळतो.

बारातेराचा_पाना

अजिंक्यतारा, त्या सल्ल्यात खरे आहे ते एवढेच की टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि म्हणून थंड ऑइलवर त्याला पळवू नये. पण ऑइल तिथे पोहोचायला पाच मिनिटे लागत नाहीत, काही सेकंद लागतात. घट्ट ऑइल पातळ व्हायला मात्र ते तापावे लागते आणि न्यूट्रलला उभे डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षाही कमी तापते, कारण ते कमी इंधन जाळते आणि जेवढे जाळते त्याबरोबर भरमसाट थंड हवा आत घेते. कडाक्याच्या थंडीत अर्धा तास उभे राहूनही डिझेलचा काटा मध्यावर येत नाही, हे आपण पाहिले असेल. तेव्हा चावी 'ऑन'वर फिरवा, स्प्रिंगच्या खुणेचा पिवळा दिवा, म्हणजे हीटर प्लगचा, विझू द्या, सेल्फ मारा, अर्धे-एक मिनिट थांबा आणि निघा. टर्बोची काळजी पहिले आठ-दहा किलोमीटर दोन हजार फेऱ्यांच्या आत राहून घ्या. घाट चढून आल्यावर किंवा महामार्गावरून थेट ढाब्यावर थांबल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वी अर्धे-एक मिनिट न्यूट्रलला ठेवा, तिथे तो वेळ खरोखर कामाचा असतो.

बीएस-६ डिझेलची आणखी एक बाब आहे, ती आपल्या रोजच्या पाच मिनिटांशी थेट जोडलेली आहे. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी डीपीएफ ही जाळी असते. त्यातली काजळी जाळून टाकायला धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो आणि ते सलग पंधरा-वीस मिनिटांच्या वेगवान प्रवासात घडते. उभ्या थंड इंजिनात काजळी साठते, पण जळत नाही. रोज उभी ठेवायची आणि गावातल्या गावात फिरवायची, हे या गाड्यांना सोसत नाही. आठवड्यातून एकदा तरी साताऱ्याहून कराडपर्यंत एका दमात जाऊन या.

अजिंक्यतारा

डीपीएफचा दिवा डिसेंबरपासून दोनदा लागला होता, तो कशामुळे हे आता समजले. ऑइलची पातळी डिपस्टिकवर थोडी वाढलेली दिसते, त्याचाही याच्याशी संबंध असेल का?

बारातेराचा_पाना

असू शकतो. जाळी साफ करण्यासाठी अनेक इंजिने सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात. ती सफाई अर्ध्यावर सुटत राहिली तर ते डिझेल ऑइलमध्ये उतरते. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर लांबच्या फेरीवर जाण्याआधी ऑइल बदलून घ्या.

गोदाकाठ

सर, आपण विचारल्यावर जुनी बिले काढून पाहिली. मागच्या मे महिन्यात द्वारका चौकाच्या कोंडीत गाडी तापली होती, म्हणून जवळच्या एका गॅरेजमध्ये पंख्याची मोटर बदलून घेतली. बिलावर पंख्याखेरीज काही नाही. पण वडिलांना आठवते की तिथल्या माणसाने एक भाग काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "साहेब, व्हॉल्व्ह काढून टाकला आहे, आता गाडी जन्मात गरम होणार नाही." आम्हाला ते कौतुकच वाटले होते. टाकीतले पाणीही त्याने नळाचेच भरले. आता काय करावे?

बारातेराचा_पाना

त्याने अगदी शब्दशः खरे सांगितले, गाडी गरम होत नाही हीच आता आपली अडचण आहे.

त्याने काढलेला 'व्हॉल्व्ह' म्हणजे थर्मोस्टॅटच, इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधले दार. त्याच्या पोटात मेणाची कुपी असते. इंजिन थंड असताना दार बंद राहते आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापते. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगते, दांडा ढकलते आणि दार उघडून कूलंट रेडिएटरकडे जाऊ लागते. दारच काढून टाकले, की पहिल्या सेकंदापासून सगळे पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होत राहते. उन्हाळ्यात कोंडीत ते जाणवत नाही, कारण बाहेरच चाळीस अंश असतात. हिवाळ्यात मात्र इंजिन पन्नास-साठ अंशांवर अडकून बसते. कसारा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, तेव्हा पेट्रोलचा फवारा बंद होतो आणि समोरून वारा रेडिएटरवर आदळत असतो, मग काटा खाली बसणारच.

गॅसचेही कोडे यातच सुटते. टाकीतला सीएनजी दोनशे बारच्या दाबाखाली असतो. दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरमध्ये तो एकदम सैल होतो तेव्हा इतका थंड पडतो की रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनाचे गरम कूलंट पुरवावे लागते. त्यामुळे बाहेरून बसवलेले किट कूलंट ठरावीक तापमानाला, बहुधा चाळीस अंशांच्या आसपास, आल्याशिवाय गॅस सोडत नाही. तुमचे कूलंट तिथे उशिरा पोहोचते, म्हणून पाचव्या सिग्नलपर्यंत पेट्रोल जळते. ते वाढलेले पेट्रोल मे महिन्यातल्या त्या 'फुकट' कामाचे बिल आहे.

नवा थर्मोस्टॅट गॅस्केटसह (सांध्यातली गळती रोखणारी चकती), तुमच्या इंजिनाचाच घ्या. त्यावर अंशांचा आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ असा काहीतरी, तो मॅन्युअलशी जुळवून पाहा. बसवण्यापूर्वी वडिलांना एक प्रयोग करू द्या, त्यांना तो पटेल. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो फट दाखवू लागेल आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडेल. पाणी निवताना तो पुन्हा घट्ट मिटला पाहिजे. बसवताना त्याच्या कडेवर डुगडुगणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

नळाचे पाणी पूर्ण काढून, आतली गंजाची माती वाहून जाईपर्यंत धुऊन, तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळलेले कूलंट भरा. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर कदापि उघडू नका. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही एकदा पाहा. तिथे ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका थर असेल तर घाबरू नका, आठ महिने थंड फिरलेल्या इंजिनात पाणी ऑइलमध्ये साठल्याचे ते चिन्ह आहे. ऑइल आणि फिल्टर बदलून टाका. थर पुन्हा आला आणि कूलंटची पातळीही घटत राहिली, तरच हेड गॅस्केटचा विचार करायचा.

सिंहगडरोड

काम झाल्यावर खात्री करण्याची सोपी रीत अशी की गाडी थंड असताना सुरू करून बोनेट उघडा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर हात ठेवा. पंख्यापासून हात आणि ओढणी दूर ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग अर्ध्या मिनिटात एकदम चटका बसण्याइतका तापतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर दार उघडेच आहे असे समजावे. ओबीडी यंत्र लावले तर अशा गाडीत पुष्कळदा पी०१२८, म्हणजे कूलंट हवे तेवढे तापत नसल्याची खूण सापडते.

गोदाकाठ

उशिरा कळवत आहे, क्षमस्व. रविवारी दुसऱ्या गॅरेजमध्ये काम करून घेतले. थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट आणि ऑइल-फिल्टर बदलले. ऑइलच्या झाकणाखाली सरांनी वर्णन केलेला थर होताच, अगदी बोटाने निघेल इतका. बसवण्याआधी वडिलांनी स्वयंपाकघरात पातेल्याचा प्रयोग केला. थर्मामीटर आईच्या जिलेबीच्या पाकाचा होता. ८२ कोरलेल्या थर्मोस्टॅटने ८३ अंशांना तोंड उघडले तेव्हा वडील पाच मिनिटे काही बोलले नाहीत, मग त्यांनी गॅस बंद करून तो मिटताना पाहिला आणि पुन्हा पेटवून दुसऱ्यांदा उघडताना पाहिला.

काल आणि आज सकाळी, ११ अंशांत, सेल्फ मारून साधारण चाळीस सेकंदांत निघाले. गाडी दुसऱ्या सिग्नलच्या जरा पुढे गॅसवर गेली आणि चौथ्या सिग्नलला काटा मध्यावर होता. घड्याळात नऊ मिनिटे झाली होती, त्यातली दोन सिग्नलवर थांबण्यात गेली. वडील अजूनही दहा मिनिटे आधी खाली जातात, पण आता गाडी पुसतात.

एकच विचारायचे राहिले. आज संध्याकाळी कूलंटच्या टाकीतली पातळी कालच्यापेक्षा बोटभर खाली दिसली. गळती कुठे दिसत नाही. काळजी करावी का?

बारातेराचा_पाना

नव्याने भरल्यावर आत अडकलेली हवा दोन-तीन दिवस हळूहळू बाहेर पडते आणि पातळी तेवढी खाली बसते. उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्यापर्यंत तेच कूलंट भरा आणि पुढचे चार दिवस रोज सकाळी पाहा. पुन्हा बोटभर उतरले तर थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या कडेला पांढरे किंवा हिरवे ओघळ आहेत का ते तपासा, गॅस्केट वाकडे बसले असेल तर तिथेच दिसते.